नावात नसलेला थकवा

फायब्रोमायल्जिया या शब्दाची फोड केली तर तंतू, स्नायू आणि वेदना असे तीन तुकडे हाती लागतात. थकव्याचा त्यात मागमूसही नाही. ज्यांना हा आजार आहे त्यांना विचारले तर मात्र चित्र वेगळे दिसते. अमेरिकेतील नॅशनल फायब्रोमायल्जिया असोसिएशनने २,५९६ जणांची इंटरनेटवरून पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या लक्षणांच्या तीव्रतेला शून्य ते दहा गुण द्या, असे रुग्णांना सांगितले होते. पहिला क्रमांक लागला सकाळच्या ताठरपणाचा, दुसरा थकव्याचा, तिसरा झोपूनही ताजेतवाने न वाटण्याचा. ज्या वेदनेवरून आजाराचे बारसे झाले, ती चौथी आली.

आपल्याकडे दवाखान्यात हीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते. “अंग आंबून गेलंय”, “हातपाय गळून जातात”, “झोपून उठले तरी रात्रभर दगड फोडल्यासारखं वाटतं”. केसपेपरवर उतरताना या सगळ्याचे दोनच शब्द होतात, ‘अंगदुखी’ आणि ‘अशक्तपणा’. अंगदुखीसाठी गोळी मिळते, अशक्तपणासाठी बी-ट्वेल्व्हचे इंजेक्शन किंवा सलाईनची बाटली. बाटली संपेपर्यंत तासभर पडून राहायला मिळते, तेवढा वेळ बरे वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

फायब्रोमायल्जियातील थकव्याबद्दल गेल्या पन्नास वर्षांत काय कळले, कोणत्या उपायांमागे पुरावा आहे आणि कोणत्या उपायांमागे नुसती आशा, याचा हा आढावा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. हा थकवा घालवणारी गोळी आज नाही. पण त्याला वेदनेच्या मागून आपोआप येणारी गोष्ट न समजता वेगळा मोजला, त्याची वेगळी कारणे शोधली आणि रोजच्या कामाची मांडणी बदलली, तर जगणे बरेच सुसह्य होते. ही मांडणी मात्र रुग्णाला एकट्याने करता येत नाही.

अठरा बिंदूंपासून तीन प्रश्नांपर्यंत

१९०४ मध्ये ब्रिटिश मज्जासंस्थातज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवर बोलताना ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द वापरला. तंतुमय ऊतींना सूज येत असावी, असा त्यांचा कयास होता. ती सूज पुढे कोणाला नीट दाखवता आली नाही, तरी नाव सत्तर वर्षे टिकले. १९७६ मध्ये ‘सूज’ सुचवणारा शेवट गळून ‘वेदना’ सांगणारा शेवट आला आणि फायब्रोमायल्जिया हे नाव रूढ होऊ लागले. १९८१ मध्ये अमेरिकेत मुहम्मद युनूस आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांशी तुलना करून या रुग्णांची लक्षणे पद्धतशीर नोंदवली. थकवा आणि बिघडलेली झोप त्या नोंदींत ठळक होती.

१९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीने निकष ठरवले तेव्हा मात्र थकवा बाहेर राहिला. किमान तीन महिने अंगभर वेदना आणि शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी ११ ठिकाणी सुमारे चार किलो दाबाने दुखणे, एवढीच अट होती. डॉक्टरच्या अंगठ्याला जे कळेल ते खरे. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, हे बिंदू निकषांतून काढले गेले. त्याऐवजी शरीराचे १९ भाग मोजणारा वेदनेचा निर्देशांक आला आणि लक्षणांच्या तीव्रतेचा वेगळा तक्ता आला. त्या तक्त्यातील तीन मुख्य प्रश्न थकवा, झोपेतून ताजेतवाने न उठणे आणि विचार-स्मरणातील अडचण यांचे आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. २०१६ च्या सुधारणेने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, की दुसरा एखादा आजार असला म्हणून फायब्रोमायल्जियाचे निदान रद्द होत नाही. आमवात असलेल्या बाईला हा आजारही असू शकतो. तिचा आमवात आटोक्यात येऊनही थकवा का जात नाही, याचे उत्तर कधीकधी इथे सापडते.

जगभरच्या पाहण्यांत साधारण २ ते ४ टक्के लोकांना हा आजार आढळतो. स्त्रियांत तो जास्त दिसतो, पण नवे निकष लावले की पूर्वी वाटे तेवढी तफावत राहत नाही. जुन्या बिंदूंच्या मोजणीत पुरुष निसटून जात होते. निदानाला वेळ लागतो हे सगळीकडेच खरे आहे. युरोपातील सहा देश, मेक्सिको आणि दक्षिण कोरिया येथील ८०० रुग्णांच्या पाहणीत निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता आणि तीन-चार डॉक्टर बदलून झाले होते.

आपल्याकडचा संदर्भ हवा तर भिगवणला जावे लागते. पुणे जिल्ह्यातील या गावात १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने घरोघर फिरून सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. आमवातासारख्या ठळक आजारांपेक्षा स्नायू-कंडरांची दुखणी आणि कोणत्याच खणात नीट न बसणारी अंगदुखी तिथे कितीतरी जास्त निघाली. फायब्रोमायल्जिया हा शहरी, सुखवस्तू बायकांचा आजार आहे, हा समज अशा नोंदींपुढे टिकत नाही. कष्टकरी बाईच्या अंगदुखीला ‘कामाने होतंच’ म्हणून सोडून देण्याची आपली सवय आहे, एवढाच त्याचा अर्थ.

थकवा येतो कुठून

पहिला धागा झोपेचा. १९७५ मध्ये टोरांटोचे हार्वी मोल्डोफ्स्की यांनी अशा रुग्णांच्या मेंदूचे झोपेतील आलेख काढले. गाढ झोपेच्या संथ लहरींमध्ये जागेपणीच्या लहरी घुसलेल्या त्यांना दिसल्या. मग त्यांनी उलटा प्रयोग केला. निरोगी माणसे गाढ झोपेत शिरू लागली की आवाज करून त्यांना तिथून बाहेर काढायचे, पण पूर्ण जागे होऊ द्यायचे नाही. काही रात्रींतच त्या धडधाकट माणसांचे अंग दुखू लागले आणि ती थकलेली उठू लागली. घड्याळात आठ तास झोप दिसली तरी ती अंगाला का लागत नाही, याचे ते पहिले समजण्याजोगे उत्तर होते.

दुसरा धागा मज्जासंस्थेचा. निरोगी माणसाला ज्या दाबाने फक्त स्पर्श जाणवतो, त्या दाबाने या रुग्णांच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग पेटतात, हे २००२ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसले. त्याआधीच, पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात वेदनेचा निरोप वाहणारे ‘सब्स्टन्स पी’ हे द्रव्य सुमारे तिप्पट असल्याचे आढळले होते. वाण्याच्या तराजूचा काटा मुळातच सरकलेला असावा आणि प्रत्येक वस्तू जड भरावी, तसे हे आहे. २०१७ मध्ये वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा वेदनेसाठी ‘नोसिप्लास्टिक’ हा वेगळा वर्ग मान्य केला. यात ऊतींना इजा झालेली नसते आणि नसही तुटलेली नसते. संवेदना हाताळणारी यंत्रणाच बदललेली असते. हाच सरकलेला काटा श्रमाच्या जाणिवेलाही लागू होतो. जिना तोच असतो, पायऱ्या तेवढ्याच असतात, पण मेंदूपर्यंत पोचणारा श्रमाचा आकडा मोठा असतो.

अलीकडे आणखी दोन धागे पुढे आले आहेत. बऱ्याच रुग्णांच्या त्वचेतील बारीक मज्जातंतू विरळ झालेले असतात, हे २०१३ पासूनच्या अभ्यासांत दिसले. २०२१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील आणि अन्य संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तर उंदीर दाबाला आणि थंडीला अधिक संवेदनशील झाले, त्यांची हालचाल मंदावली आणि पंजांची पकड सैल झाली. यातून उपचार निघायला वेळ लागेल. पण ‘सगळं मनाचं आहे’ म्हणणाऱ्याला दाखवायला एवढे पुरेसे आहे.

शेवटचा धागा रोजच्या जगण्यातला. दुखते म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की स्नायूंचा दम कमी होतो, दम कमी झाला की तेच काम अधिक दमवते. हे चक्र आजाराचे मूळ नव्हे, पण आजार मुरवण्याचे काम ते चोख करते. सुधारणेला सर्वांत जास्त वाव इथेच आहे.

आधी बाकीची कारणे पाहा

निदान पक्के झाले म्हणजे सगळा थकवा त्याच्याच नावावर टाकायचा, ही दुसऱ्या टोकाची चूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अर्थात फायब्रोमायल्जिया असलेल्या आपल्याकडच्या बाईला रक्तक्षयही असण्याची शक्यता निम्म्याच्या घरात आहे. त्यावर उपचार होतो आणि थकव्याचा तेवढा हिस्सा खरोखरच उतरतो.

म्हणून हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व, बी-ट्वेल्व्ह आणि सूज दाखवणाऱ्या साध्या रक्ततपासण्या एकदा व्हाव्यात. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे याची चौकशी व्हावी. पुरुषांत ती हमखास राहून जाते. रात्री पाय वळवळत असतील तर लोह कमी आहे का, हे पाहावे. चालू असलेल्या गोळ्यांची यादी तपासावी, कारण ॲलर्जीची, रक्तदाबाची आणि खुद्द या आजारावरची काही औषधेही गुंगी आणतात. आणि हे एकदाच करावे. दर चार महिन्यांनी नव्या डॉक्टरकडे नवी फाईल उघडून तीच तपासणी पुन्हा करण्यात पैसे आणि शक्ती दोन्ही जातात. रिपोर्ट नॉर्मल येणे ही आनंदाची गोष्ट आहे, पण ते ‘तुम्हाला काही झालेले नाही’ याचे प्रमाणपत्र नव्हे.

गोळ्यांकडून किती अपेक्षा ठेवावी

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी २००७ मध्ये प्रीगॅबालिन, २००८ मध्ये ड्युलॉक्सेटिन आणि २००९ मध्ये मिल्नासिप्रान यांना मंजुरी दिली. त्यानंतर मोठा खंड पडला. २०२५ मध्ये सायक्लोबेन्झाप्रिन हे जुने औषध जिभेखाली ठेवण्याच्या नव्या रूपात मंजूर झाले. याशिवाय कमी मात्रेतील ॲमिट्रिप्टिलिन आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात आहे. ते स्वस्त आहे आणि झोपेला मदत करते.

ही औषधे काही जणांना चांगली लागू पडतात, बहुतेकांना थोडी आणि काहींना अजिबात नाही. प्रीगॅबालिनच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर नकली गोळीच्या तुलनेत शंभरांत सुमारे दहा जणांना जास्तीचा ठोस फायदा मिळतो. आणि तोही मुख्यतः वेदनेत. थकव्यावरचा परिणाम किरकोळ आहे, उलट गुंगी आणि गरगरणे हे याच औषधांचे नेहमीचे दुष्परिणाम. अशा वेळी गोळी संध्याकाळी लवकर घेणे, मात्रा अगदी हळू वाढवणे किंवा औषध बदलणे याबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. सकाळी अकरापर्यंत डोके जड राहत असेल तर ते सोसायचे नसते, सांगायचे असते. मनाने एकदम बंद मात्र करू नये.

तज्ज्ञांचेही यात एकमत नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये अशा मूळ स्वरूपाच्या जुनाट वेदनेसाठी प्रीगॅबालिनच्या गटातील औषधे, पॅरासिटामॉल, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आणि अफूवर्गीय औषधे सुरू करू नयेत असा सल्ला दिला. अमेरिकेत प्रीगॅबालिन मंजूर यादीत आहे. सध्या समाजमाध्यमांवर गाजणाऱ्या अल्प मात्रेतील नाल्ट्रेक्सोनची डेन्मार्कमध्ये ९९ स्त्रियांवर चाचणी झाली. २०२४ मध्ये आलेल्या निकालात वेदना नकली गोळीपेक्षा लक्षणीय कमी झालेली दिसली नाही.

स्टेरॉइडचा या आजारात उपयोग नाही, यावर मात्र मतभेद नाहीत. म्हणून आठवडी बाजारात किंवा ओळखीतून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या ‘सांधेदुखीच्या पुड्यां’पासून लांब राहावे. त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस अंगात वारे भरल्यासारखे वाटते, मग साखर, हाडे आणि पोट यांची किंमत मोजावी लागते.

चालायचे, पण किती

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत सगळे उपाय तपासले. ‘जोरदार शिफारस’ एकाच उपायाला मिळाली, ती म्हणजे व्यायाम. बाकी सगळ्यांना, औषधांसकट, ‘कमकुवत’ शिफारशीवर समाधान मानावे लागले. चालणे, सायकल यांसारख्या दमसासाच्या व्यायामाने जगण्याचा दर्जा सुधारतो आणि वेदना थोडी कमी होते, हे त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्यातही आले. थकव्यावरचा फायदा मात्र लहान होता आणि त्यामागचा पुरावाही तेवढा पक्का नव्हता. म्हणजे व्यायामाने थकवा उतरेल, असे वचन देता येत नाही. व्यायामाशिवाय तो उतरणे कठीण आहे, एवढे म्हणता येते.

संथ, लयीच्या प्रकारांचा अनुभव चांगला आहे. बोस्टनमध्ये २२६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ताई-ची या चिनी पद्धतीने जलद चालण्यासारख्या व्यायामाइतका किंवा त्याहून जास्त फायदा दिला. तिचे निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ओरेगनमध्ये ५३ स्त्रियांवर आठ आठवड्यांच्या योग-कार्यक्रमाची चाचणी झाली. २०१० मध्ये आलेल्या तिच्या निकालात वेदनेबरोबर थकवाही कमी झालेला दिसला. आपल्याकडे योगवर्ग गल्लोगल्ली आहेत, ही जमेची बाजू. पण पहिल्याच दिवशी बारा सूर्यनमस्कार घालायला लावणारा वर्ग या आजारात कामाचा नाही. खुर्चीवर बसून करायची आसने, श्वसन आणि शवासन एवढ्यावर पहिला महिना गेला तरी चालेल.

नियम एकच. जेवढे सहज जमते त्याच्या खाली सुरुवात करायची. पंधरा मिनिटे चालता येते असे वाटत असेल तर सातच चालायचे, तेही आठवड्यातून तीन दिवस, आणि दोन आठवडे वाढवायचे नाही. मग एकेका मिनिटाने पुढे. सुरुवातीला दुखणे थोडे वाढते. ते एका दिवसात उतरले तर मात्रा बरोबर आहे, दोन-तीन दिवस खाली पाडत असेल तर मात्रा जास्त आहे.

इथे एक गंभीर इशारा आवश्यक आहे. फायब्रोमायल्जियाचा शेजारी म्हणावा असा एक आजार आहे, एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. त्याची खूण अशी की थोड्याशा श्रमानंतर, कित्येकदा एक-दोन दिवसांनी, माणूस पार कोसळतो आणि ते कोसळणे दिवस-आठवडे टिकते. या आजारात टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवावा, असा दावा ब्रिटनमधील ‘पेस’ चाचणीने २०११ मध्ये केला. तिच्या मोजमापांवर रुग्ण आणि शास्त्रज्ञांनी कडाडून टीका केली. २०२१ मध्ये ‘नाइस’ने असा ठरावीक वाढीचा व्यायाम एमईच्या रुग्णांना देऊ नये, असे सांगितले. त्यामुळे ‘रोज थोडं वाढवा’ हा सल्ला सरसकट नाही. श्रमानंतर लांबणारे कोसळणे असेल तर आधी त्याचे निदान, मग व्यायामाचा विचार.

शक्तीची वही

ल्युपस हा आजार झालेल्या ख्रिस्टीन मिझेरांडिनो या अमेरिकी तरुणीने मैत्रिणीला आपला थकवा समजावताना हॉटेलातले चमचे हाती दिले आणि दिवसातील एकेका कामाला एक चमचा परत घेत गेली. २००३ मध्ये तिने हे लिहून काढले आणि ‘चमच्यांचा सिद्धान्त’ म्हणून ती कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे यापेक्षा जवळची वस्तू आहे, ती म्हणजे किराणा दुकानातील उधारीची वही. आज खिशात नसताना सामान आणता येते, पण वहीत नोंद होते आणि वसुली व्याजासह होते.

गौरी-गणपतीत हे दरवर्षी दिसते. एरवी पडून असलेली बाई चार दिवस उभी असते. बरे वाटते आहे तोवर उरकून घेऊ, म्हणून जाळी-जळमटे, फराळ, पाहुणे, सगळे होते. पाहणारे म्हणतात, सणाला कशी हिंडते-फिरते, मग एरवी काय होते? विसर्जनानंतरचा आठवडा त्यांना दिसत नाही. चांगल्या दिवशी जास्तीचे काम आणि मग अंथरूण, या हेलकाव्यात शक्ती सर्वांत जास्त वाया जाते. तो हेलकावा कमी करणे म्हणजे कामाची गती राखणे.

खरे सांगायचे तर गती राखण्याच्या तंत्रावरचे संशोधन अजून विस्कळीत आहे. कोणी त्याचा अर्थ ‘काम कमी करणे’ असा घेतला, कोणी ‘काम सारखे वाटून घेणे’ असा. जिथे नुसते टाळण्यावर भर होता तिथे माणसे आणखी आक्रसत गेली. जिथे कामाचे तुकडे पाडून हळूहळू आवाका वाढवला तिथे निभाव लागला. त्यातून हाती येणारी पद्धत साधी आहे.

दोन आठवडे एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: काय केले, किती वेळ केले, दुसऱ्या दिवशी कसे वाटले. वाईट दिवशीही जेवढे पार पडते, ती आपली पायरी. चांगल्या दिवशीही तिच्या फार वर जायचे नाही. विश्रांती थकल्यावर घ्यायची नसते, घड्याळ लावून थकण्याआधी घ्यायची असते. वीस मिनिटे ओट्यापाशी, मग दहा मिनिटे पाठ टेकून. ओट्याच्या उंचीचे स्टूल असेल तर भाजी निवडणे, लसूण सोलणे, अगदी फोडणी घालणेही बसून होते. कणीक मळायला यंत्र, बादली अर्धीच भरायची, चादरी एकाच दिवशी धुवायच्या नाहीत. सकाळचा पहिला तास ताठरपणाचा म्हणून त्यात महत्त्वाचे काम ठेवायचे नाही. कोमट पाण्याची अंघोळ आणि सावकाश ताण देणे एवढेच. कामांची यादी चार रकान्यांत असावी: आज, या आठवड्यात, दुसऱ्याने आणि नाहीच. चौथा रकाना भरायला सर्वांत कठीण जातो.

डोक्याचा थकवाही याच वहीत येतो. शब्द न आठवणे, गॅसवर दूध विसरणे, बँकेच्या अर्जातील रकाने चुकणे, या धूसरपणाला उपाय म्हणून गोळ्यांचा सात खणांचा डबा, एकच डायरी आणि पैशांची कामे दिवसातील बऱ्या वेळी, एवढे केले तरी चुका कमी होतात.

झोप आणि मन

झोपेत सर्वांत उपयोगी नियम उठण्याचा. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. थकवा ढकलण्यासाठी दिवसाला सात-आठ कप चहा पिणारे पुष्कळ असतात. दुपारनंतरचे कप बंद केल्यावर झोप सुधारते का, हे पंधरा दिवस करून पाहावे. निद्रानाशासाठीची विशिष्ट वर्तन-उपचारपद्धती चांगली प्रस्थापित आहे, पण ती येणारे मानसतज्ज्ञ आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर कमी आहेत.

मनाचा विषय काढला की रुग्ण बिथरतात आणि त्यांचे बिथरणे समजण्याजोगे आहे. वर्षानुवर्षे ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकल्यावर ड्युलॉक्सेटिनच्या खोक्यावर ‘नैराश्यावरील औषध’ वाचले की, डॉक्टरांनीही आपल्याला मनोरुग्ण ठरवले असे वाटते. हे औषध मज्जासंस्थेतील वेदना दाबणाऱ्या रसायनांवरही काम करते, हे एका वाक्यात सांगणे डॉक्टरांना जमण्यासारखे आहे. नैराश्य या आजाराच्या सोबतीला पुष्कळदा असते आणि ते थकवा वाढवते. ते असेल तर त्याचाही उपचार व्हावा. विचार-वर्तन उपचाराचा फायदा मध्यम पण खरा आहे. त्याने आजार जात नाही, ‘मी आळशी झाले’ हे रोजचे स्वतःशीच भांडण कमी होते. त्या भांडणातही शक्ती खर्च होतच असते.

वही एकाच्या नावावर नको

आतापर्यंतचा सगळा सल्ला रुग्णाला उद्देशून होता, आणि त्याची मर्यादाही इथेच आहे. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार २०१९ मध्ये घरातील बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांचे काम दहा मिनिटांनी कमी झाले आणि पुरुषांचे नऊ मिनिटांनी, म्हणजे अंतर जवळपास तेवढेच राहिले. जिच्या वाट्याला रोजचे पावणेपाच तास बांधलेले आहेत तिला ‘दर वीस मिनिटांनी विश्रांती घ्या’ सांगणे सोपे आहे. ती विश्रांती घेत असताना पोळ्या कोण लाटणार, याचे उत्तर कोणत्याही शिफारशींच्या यादीत नाही.

कामाच्या ठिकाणीही कायद्याचा आधार तोकडा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची नोंद आहे. फायब्रोमायल्जियाचे नाव त्यात नाही. म्हणून सवलत मिळते ती वरिष्ठाच्या समजुतीवर. तासाभराने उशिरा येण्याची मुभा, उभ्याच्या कामात स्टूल, आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम, बैठकीनंतर लेखी टिपण, यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसते आजाराचे नाव लिहिण्यापेक्षा अशी नेमकी गरज लिहून दिली तर मागणे सोपे जाते.

हा आजार जीव घेत नाही आणि सांधे वाकडे करत नाही, हे खरे. पुष्कळ जण काही वर्षांत स्थिरावतात. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत आणि ‘काहीच होणार नाही’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना वेदनेच्या आकड्याशेजारी थकव्याचाही आकडा लिहून न्यावा आणि दोन आठवड्यांची वही सोबत ठेवावी. घरच्यांसाठी एकच विनंती. “आराम कर” म्हणण्याआधी तिच्या यादीतील ‘दुसऱ्याने’ हा रकाना उघडावा, आणि एका कामापुढे स्वतःचे नाव लिहावे.